मग आम्ही वाचायचं काय?

गोव्यात रायतूरला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ छापून निघाला तो रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. लिहिणारा माणूस इंग्लंडात जन्मलेला, १५७९ साली गोव्यात आलेला आणि पुढची चाळीस वर्षं, थेट मरेपर्यंत, तिथेच राहिलेला. ग्रंथाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. धर्मशिक्षण चाललेलं असताना एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की आमची जुनी पुराणं वाचायला तुम्ही बंदी केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काही का देत नाही? वेळ घालवायला, मन रमवायला आम्ही वाचायचं काय?

या प्रश्नामागचा काळ फार कठोर होता. देवळं पाडली गेली होती, १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचा अंमल सुरू झाला होता आणि लोकांच्या घरातल्या पोथ्या जप्त होत होत्या. हे विसरून ‘ख्रिस्तपुराणा’चं कौतुक करणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. तरीही स्टीफन्सनं त्या माणसाचा प्रश्न ऐकला आणि तो आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवला, हे मला मोलाचं वाटतं. प्रश्नोत्तरांची शुष्क पुस्तिका हातात देऊन भागणार नाही, हे त्याला कळलं होतं. ज्यांना ओवी ऐकत झोप लागायची, ओवी गात दळण सरायचं, त्यांना ओवीच द्यायला हवी होती. पुढे १६८४ साली गोव्याच्या सरकारनं स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढलं. ग्रंथ मात्र हस्तलिखितांतून टिकला, ख्रिस्ती कुटुंबांबरोबर कानडी किनाऱ्यापर्यंत गेला आणि १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापून आणला.

ख्रिस्ती प्रेरणादायी पुस्तकं कशी वाचावीत आणि दुसऱ्याला कोणती सुचवावीत, हा विषय मला इथूनच सुरू करावासा वाटतो, कारण सुचवण्याआधी कुणीतरी विचारलेलं असावं लागतं. न विचारता दिलेलं पुस्तक बहुधा कपाटात जातं.

स्टीफन्स ज्या संघाचा सभासद होता, तो येशूसंघही एका अर्थानं पुस्तकांतूनच जन्मला. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत इग्नेशियस लोयोला नावाच्या स्पॅनिश सरदाराच्या पायावर तोफेचा गोळा आदळला. महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या या तरुणानं शौर्याच्या आणि प्रेमाच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात एकही सापडेना. होती ती दोनच पुस्तकं, एक ख्रिस्ताचं चरित्र आणि दुसरं संतांच्या कथांचं. नाइलाजानं तो ती वाचू लागला. वाचून झालं की कधी दरबारातल्या एखाद्या स्त्रीसाठी आपण काय काय पराक्रम करू याची स्वप्नं रंगवायचा, तर कधी फ्रान्सिस आणि डॉमिनिक यांनी जे केलं ते आपल्याला जमेल का याचा विचार करायचा. दोन्ही वेळा त्याला गोडी वाटायची. फरक नंतर पडायचा. दरबाराची स्वप्नं ओसरली की मन कोरडं आणि असमाधानी राहायचं. संतांचा विचार संपल्यावरही आनंद टिकून असायचा. हे त्यानं स्वतःच्या आठवणींत सांगून ठेवलं आहे.

पुस्तक पारखण्याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. वाचताना डोळ्यांत पाणी आलं की नाही हे महत्त्वाचं नसतं, कारण डोळ्यांत पाणी आणणं लेखकांना सहज जमतं. पुस्तक मिटल्यानंतर, दोन दिवसांनी, भाजी चिरताना किंवा लोकलमध्ये उभं असताना त्यातलं काय मनात राहतं, ते पाहावं. दुसऱ्याला सुचवण्याआधी एवढी वाट जरूर पाहावी.

आपल्याकडची सगळ्यात गाजलेली शिफारस आगगाडीच्या डब्यात झाली. १८९३ साली राजनांदगावला जाताना कवी नारायण वामन टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरताना त्यानं टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळकांना ते भाकीत आवडलं नाही, पण वाचण्याचा शब्द त्यांनी दिला होता. सवयीप्रमाणे हातात पेन्सिल घेऊन, लक्षात ठेवण्याजोग्या जागांवर खुणा करत ते वाचू लागले. पहिली पानं कंटाळवाणी गेली. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि मग मात्र पुस्तक हातातून सुटेना. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकीत खरं ठरलं म्हणून ही गोष्ट चर्चमध्ये नेहमी सांगितली जाते. मला त्यातली पेन्सिल जास्त महत्त्वाची वाटते. टिळक शरण जाऊन वाचत नव्हते, तपासत वाचत होते आणि देणाऱ्यानं त्यांना एकट्यानं तपासू दिलं.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातही पुस्तकांची अशीच मालिका आहे. आसामात सिल्चरला, घरच्या ग्रंथसंग्रहात, त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली पुस्तिका सापडली. ती कुणी दिलेली नव्हती, नुसती पडून होती. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण धर्म स्वीकारून कित्येक वर्षं झाली तरी मनाला शांतता नव्हती. अशा वेळी त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन आलं. हा मनुष्य पाद्री होऊन वर्षं लोटली होती आणि स्वतःच्याच प्रवचनाच्या मधोमध, व्यासपीठावर उभं असताना, त्याला आपण सांगतो त्याचा अर्थ पहिल्यांदा कळला. रमाबाईंनी हे वाचलं आणि आपलं नेमकं काय राहून गेलं आहे ते त्यांच्या ध्यानात आलं. त्या संस्कृत पंडिता होत्या, अमेरिकेवर पुस्तक लिहून बसल्या होत्या. धर्मशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांनी जे साधलं नाही, ते कॉर्नवॉलच्या एका पाद्रीच्या कबुलीनं साधलं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर करायला घेतलं. छपाईच्या कामाला मिशनमधल्याच मुली आणि बायका होत्या. रमाबाई १९२२ साली गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं.

आता नेहमीचा प्रश्न. ख्रिस्ती धर्माशी काही संबंध नसलेला मराठी वाचक विचारतो की एकच पुस्तक सांगा. मी डोळे झाकून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सांगते. १९३४ पासून चार भागांत आलेलं हे आत्मचरित्र शाळेच्या पाठ्यपुस्तकामुळे सगळ्यांना तुकड्यांत माहीत असतं, सलग फार थोड्यांनी वाचलेलं असतं. साहित्याच्या कपाटात ठेवल्यामुळे ते श्रद्धेचं पुस्तक आहे हेच अनेकांना जाणवत नाही.

सुरुवात लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यानं होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, असा त्या घराचा कडक नियम. अशा घरातली मुलगी ज्याच्या पदरी पडते त्या कवीच्या हाती पैसे दिले तर ते घरी परत येतील याचा भरवसा नाही, आणि तो स्वतः केव्हा कुठे निघून जाईल याचाही नाही. एके दिवशी तो ख्रिस्ती झाल्याची बातमी येते. लक्ष्मीबाई संतापतात, रडतात, काही वर्षं वेगळ्या राहतात. परत नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही सोवळं सुटत नाही. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. मग एका रात्री त्यांना झोप लागत नाही. जाती देवानं केल्या की माणसानं, एवढा एकच प्रश्न त्या उलटसुलट फिरवत राहतात आणि उजाडेपर्यंत जातिभेद मनातून गेलेला असतो. यापुढे कुणाच्याही हातचं खाईन, हे त्या सांगून टाकतात. त्या रात्री तिथे पाद्री नव्हता, प्रवचन नव्हतं, नवऱ्यानं समजूतही काढली नव्हती. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, स्वतःच्या सवडीनं घेतला.

सबंध पुस्तकात त्या नवऱ्याला ‘टिळक’ म्हणतात, त्यांच्यावर चिडतात, त्यांची थट्टा करतात आणि त्यांच्यावरचं प्रेम कुठे सांगत बसत नाहीत. ख्रिस्ताविषयी तर फारच कमी बोलतात. पण प्लेगच्या दिवसांतली सेवा, दारात आलेल्या अनाथ पोरांना घरात घेणं, हातात पैसा नसताना संसार चालवणं, हे वाचत गेलं की ही बाई कशाच्या बळावर उभी आहे ते आपोआप कळतं. टिळकांनी अर्धवट सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, तेही जेमतेम लिहावाचायला शिकलेल्या हातांनी. ‘स्मृतिचित्रे’ वाचून झाल्यावर ज्याला आणखी हवं असेल त्यानं ‘ख्रिस्तायना’कडे वळावं, आधी नको.

बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ सालचं. ते मी सरसकट सुचवत नाही. त्याची चाल संथ आहे आणि भाषा आजच्या कानाला जड. पण ज्याच्या मनात धर्माविषयी वर्षानुवर्षं घालमेल चालू आहे, त्याला हेच द्यावं. बेळगावच्या कर्मठ घरातला मुलगा, कडक व्रतवैकल्यं, मग शाळेतलं इंग्रजी शिक्षण, मग जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेची ओळख, मग शंका, पुन्हा माघार, पुन्हा शंका. एका क्षणात काही घडत नाही. घाई न करणाऱ्या माणसाची सोबत काही वाचकांना फार हवी असते.

कथा-कादंबरीकडे वळलं की अडचण वाढते. प्रेरणादायी ख्रिस्ती कादंबरीचा शेवट आधीच ठरलेला असतो, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. तो खोटा नाही. शेवटच्या प्रकरणात दारुडा सुधारतो, हरवलेला मुलगा परत येतो, आजारी माणूस उठून बसतो. आपल्याकडे याला आणखी एक कारण होतं. मुंबईची ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी १८२७ पासून मराठीत छोटी धर्मपर पुस्तकं काढत होती आणि बाजारात, जत्रेत वाटायच्या पुस्तिकेला गोष्टीपेक्षा बोध ठसठशीत लागायचा. तीच सवय मोठ्या पुस्तकांत उतरली.

१८५७ साली आलेलं पदमनजींचंच ‘यमुनापर्यटन’ याचं उत्तम उदाहरण आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचं नाव परीक्षेपुरतं सगळे पाठ करतात. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि गावोगावी त्यांना विधवा भेटतात. कुणाचं केशवपन झालेलं, कुणाला घरच्यांनीच छळलेलं, कुणाचं पाऊल वाकडं पडलेलं आणि त्यापायी बेअब्रू झालेली. आदल्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा झाला होता. पदमनजींचा राग ताजा होता, ऐकीव नव्हता. पुढे विनायक अपघातात जातो आणि इतरांची दुःखं ऐकत फिरणारी यमुना स्वतः त्यांच्यातली एक होते. इथे कादंबरी खरोखर उंची गाठते. नंतर यमुना ख्रिस्ती होते, तिचा पुनर्विवाह होतो आणि लेखक प्रश्न सोडवल्याच्या समाधानानं थांबतो. शेवट मला पटत नाही, कारण वाटेत भेटलेल्या बाकीच्या बायका तिथेच राहिलेल्या असतात. पण त्या बायका पुस्तक मिटल्यावरही मनातून जात नाहीत. म्हणून दोष सांगून, तरीही वाचाच असं सांगून, मी हे पुस्तक सुचवते.

जॉन बन्यनचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ १६७८ चं. परवान्याशिवाय प्रवचनं केल्याबद्दल बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं काढलेल्या एका कल्हईवाल्याचं हे रूपक. हरि केशवजींनी १८४१ मध्येच ‘यात्रिकक्रमण’ नावानं ते मराठीत आणलं. यातला नायक पाठीवर ओझं घेऊन निघतो आणि निघाल्या निघाल्या निराशेच्या दलदलीत रुततो. माझी आवडती जागा पुढे आहे. वाट चुकल्यामुळे तो आणि त्याचा सोबती संशयाच्या किल्ल्यात कोंडले जातात. किल्ल्याचा मालक, निराशा नावाचा राक्षस, त्यांना रोज मारतो आणि जीव द्या म्हणून समजावतो. काही दिवसांनी नायकाला आठवतं की किल्ल्यातलं कुठलंही कुलूप उघडणारी किल्ली, वचनाची किल्ली, आपण सगळा वेळ छातीशीच बाळगून आहोत. दारं उघडतात, शेवटचं कुलूप मात्र फार जड जातं. ते कुलूप जड जातं असं लिहिणारा माणूस तुरुंगात राहिलेला असणार, हे लगेच ओळखू येतं.

ज्यांना शंकेशी दोन हात करायची तयारी आहे, त्यांच्यासाठी जपानी कादंबरीकार शुसाकु एंडो यांची १९६६ ची ‘सायलेन्स’. सतराव्या शतकातल्या जपानात ख्रिस्ती लोकांचा छळ चालू असताना तिथे लपून पोहोचलेल्या येशूसंघाच्या एका (जेझुइट) धर्मगुरूची ही कथा. ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय दे, म्हणजे या गरीब शेतकऱ्यांचे हाल थांबवतो, असं त्याला सांगितलं जातं. देव गप्प आहे. एंडो स्वतः कॅथलिक होते आणि हे पुस्तक आल्यावर त्यांच्याच धर्मबांधवांतले अनेक जण दुखावले होते. नुकतीच श्रद्धा धरू लागलेल्या माणसाला हे पहिलं पुस्तक म्हणून देऊ नये. वीस वर्षं चर्चमध्ये जाऊन आतून सुकलेल्या माणसाला जरूर द्यावं.

दुःखातल्या माणसाला पुस्तक देताना सगळ्यात जास्त जपावं लागतं. सी. एस. लुईस यांनी १९४० साली दुःख का असतं यावर एक नीटस, तर्कशुद्ध पुस्तक लिहिलं, ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’. वीस वर्षांनी त्यांची पत्नी कॅन्सरनं गेली. त्या काळात त्यांनी वह्यांत जे लिहिलं, ते १९६१ साली ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ड’ म्हणून दुसऱ्याच नावानं छापलं. त्यात देवाचं दार ठोठावूनही उघडत नाही याची तक्रार आहे, संताप आहे आणि अगदी हळू परतणारा विश्वास आहे. पहिलं पुस्तक चुकीचं नाही. पण ज्याच्या घरातून नुकतीच तिरडी उठली आहे त्याला पहिलं दिलं तर तो तुम्हाला कधी क्षमा करणार नाही. दुसरं द्यावं, आणि तेही तेराव्यानंतर, माणसं पांगल्यावर.

अशाच माणसाला कोरी टेन बूम यांचं ‘द हायडिंग प्लेस’ही देता येतं. हॉलंडमधल्या हार्लेम गावातल्या घड्याळजीच्या या मुलीनं आणि तिच्या घरच्यांनी नाझी राजवटीत ज्यूंना घरात लपवलं आणि त्यापायी घरचे सगळे पकडले गेले. राव्हन्सब्रुकच्या छावणीत पिसवांनी भरलेल्या बराकीत दोघी बहिणींना डांबलं होतं. बहीण बेट्सी म्हणाली की या पिसवांबद्दलही देवाचे आभार मानू या. कोरीला ते पटलं नाही. नंतर कळलं की त्याच पिसवांच्या भीतीनं पहारेकरी आत पाऊल टाकत नव्हते आणि म्हणूनच लपवून आणलेलं बायबल बायकांना रोज वाचता येत होतं. बेट्सी मात्र त्या छावणीतच मेली. पुस्तक हे लपवत नाही, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवते.

उलट, विश्वास ठेवला की कर्ज फिटेल, नोकरी लागेल, गाठ विरघळेल असं सांगणारी पुस्तकं आज चर्चच्या दारापाशी ढिगानं विकली जातात. त्यातली बरीचशी अमेरिकी पुस्तकांची घाईघाईनं केलेली भाषांतरं असतात. आजारी माणसाच्या उशाशी असलं पुस्तक ठेवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो बरा झाला नाही तर आपला विश्वासच तोकडा पडला, हे आणखी एक ओझं घेऊन तो जातो.

ज्यांना थेट मूळ ग्रंथ वाचायचा आहे, पण जुन्या बायबलची भाषा परकी वाटते, त्यांच्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आहे. वसईच्या या धर्मगुरूच्या कामाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. हिंदू घरात वाढलेल्या ज्येष्ठ वाचकाला मी बरोबरीनं विनोबांचं ‘ख्रिस्तधर्म-सार’ही सुचवते. गीतेवर प्रवचनं देणाऱ्या माणसानं नव्या करारातून काय निवडलं हे पाहताना अनोळखीपणा लवकर गळतो. असं पुस्तक देताना आपला हेतू मात्र स्वच्छ असावा. मैत्रीपोटी देत असाल तर मैत्रीपोटीच द्या. वाचून काय वाटलं ही चौकशी दर आठवड्याला केली, तर समोरच्याला ते गळाला लावलेलं आमिष वाटतं आणि तसं वाटणं रास्तच असतं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. पुस्तक देताना सुरुवात कुठून करायची ते सांगा. ‘ख्रिस्तपुराण’ पहिल्या ओवीपासून वाचायला बसलेला माणूस बहुधा विश्वनिर्मितीपाशीच थकतो. त्याला ग्रंथाच्या दुसऱ्या भागातला, म्हणजे ‘दुसऱ्या पुराणा’तला, ख्रिस्तजन्माचा भाग काढून द्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा, शक्य तर घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर, कारण ओवीची लय त्यांच्या कानात अजून आहे. बायबल प्रथमच वाचणाऱ्याला लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय दाखवा. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि घर सोडून गेलेला मुलगा, तिन्ही गोष्टी तिथे लागोपाठ येतात आणि पंधरा मिनिटांत वाचून होतात. टिळकांना पहिली पानं कंटाळवाणी वाटली होती, ती मत्तयाच्या सुरुवातीची वंशावळ असावी असा माझा कयास आहे. नव्या वाचकाला ती ओलांडून सरळ पाचव्या अध्यायावर जायला सांगितलं तर काही बिघडत नाही.